डॉ. विजय भटकर, सुपरकॉम्प्युटर आणि आपल्या नावातला ‘ज’

(यवतमाळ येथे युवक-युवतींच्या एका शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संगणकशास्त्रातल्या एखाद्या मोठ्या माणसावर बोला, असे मला सांगण्यात आले. आपल्या कार्यक्रमात असा विषय निघाला की वक्ता कुठून सुरुवात करतो हे तुम्हाला पाठ आहे. अल-ख्वारिज्मी, बगदाद, नववे शतक, ‘अल्गोरिदम’ हा शब्द त्यांच्याच नावावरून आला. टाळ्या. माहिती खरी आहे, मीसुद्धा ती चार वेळा सांगितली आहे. पण आपण दरवेळी बगदादपर्यंत जातो आणि वाटेत मूर्तिजापूरला उतरत नाही. आज मी मूर्तिजापूरला उतरणार आहे.

मी दारव्ह्याचा. आमच्या लहानपणी यवतमाळहून शकुंतला निघायची आणि दारव्हा मोतीबाग, कारंजा करत मूर्तिजापूरला पोहोचायची. तिथे मोठी लाइन लागायची. तुमच्यापैकी बहुतेकांनी ती गाडी चालताना पाहिलेली नसेल. इंग्रज कंपनीने ती कापूस नेण्यासाठी घातली होती. तिचे १९२१ सालचे, मँचेस्टरमध्ये बनलेले वाफेचे इंजिन १९९४च्या एप्रिलपर्यंत चालत होते. हे साल लक्षात ठेवा, ते लागणार आहे.

त्याच मूर्तिजापूर तालुक्यात, अकोला जिल्ह्यात, मुरंबा नावाचे गाव आहे. ११ ऑक्टोबर १९४६ रोजी विजय पांडुरंग भटकर यांचा जन्म तिथला. भारताचा पहिला सुपरकॉम्प्युटर ‘परम’ ज्यांच्या नेतृत्वाखाली झाला ते भटकर. पुण्या-मुंबईच्या मुलांना ते पुण्याचे वाटतात, कारण काम पुण्यात झाले. आपल्याला तरी ते वऱ्हाडातले आहेत हे माहीत हवे.

शिक्षणाचा भाग मी लवकर उरकतो. १९६५मध्ये नागपूरच्या विश्वेश्वरय्या रिजनल कॉलेजातून, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीतून, ते इंजिनिअर झाले. ते कॉलेज तेव्हा जेमतेम पाच वर्षांचे होते. मग बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात एम.ई., १९७२मध्ये दिल्लीच्या आयआयटीतून पीएच.डी. १९८०पासून तिरुअनंतपुरमला इलेक्ट्रॉनिक्स संशोधन आणि विकास केंद्राचे प्रमुख. परदेशी पदवी यात नाही, हे मी मुद्दाम सांगतो. कारण परवाच एका मुलाने मला विचारले, ‘‘सर, बाहेर गेल्याशिवाय काही होते का?’’

आता मुख्य गोष्ट. १९८०च्या दशकात भारताला सुपरकॉम्प्युटर हवा होता. एक कारण पाऊस. यवतमाळात बसून हे वेगळे समजावून सांगायला नको. आपला कापूस बहुतेक कोरडवाहू. मृगात पेरले आणि मधेच पंधरा दिवस उघडीप पडली की दुबार पेरणी, आणि दुबार पेरणी म्हणजे दुबार कर्ज. हवामानाचा अंदाज करायचा तर देशाच्या नकाशावर चौकटी पाडतात. प्रत्येक चौकटीतले तापमान, दाब, ओल, वारा मोजतात आणि पुढच्या घटकेला काय होईल त्याचे गणित करतात. मग त्याच्या पुढच्या घटकेचे. उद्याचा पाऊस सांगायला गणित परवा संपले तर उपयोग काय? म्हणून वेगवान यंत्र लागते.

असे यंत्र तेव्हा अमेरिकेतली ‘क्रे’ कंपनी बनवत असे. आपण मागितले. बऱ्याच वाटाघाटी झाल्या. दिल्लीच्या हवामान केंद्रासाठी एक क्रे मिळाला, अटी घालून. त्याहून मोठे यंत्र बंगळुरूच्या विज्ञान संस्थेसाठी मागितले होते, ते नाकारले. पावसाचे गणित करणारे यंत्र अण्वस्त्राचे आणि क्षेपणास्त्राचे गणितही करू शकते, ही त्यांची भीती. ती अगदीच खोटी नव्हती, हेही मान्य करू. राजीव गांधींच्या सरकारने ठरवले की आपणच बनवायचे. त्यासाठी पुण्यात ‘प्रगत संगणन विकास केंद्र’, म्हणजे सी-डॅक, निघाले. ही १९८८ सालची गोष्ट. प्रमुख भटकर. मुदत तीन वर्षे, पैसे सुमारे ३० कोटी रुपये.

क्रेची नक्कल करायची तर एक अतिशय वेगवान, अतिशय महाग प्रोसेसर बनवावा लागला असता. ते तीन वर्षांत जमणारे नव्हते. सी-डॅकने दुसरा रस्ता धरला. साधे, बाजारात मिळणारे पुष्कळ प्रोसेसर घ्यायचे आणि त्यांना एका कामाला जुंपायचे. याला समांतर संगणन म्हणतात, आणि ‘परम’ या नावात त्या ‘पॅरलल मशीन’चीही अक्षरे आहेत. ही कल्पना त्यांनी शोधली असे नाही, जगात तिच्यावर काम चालू होते. घेतलेल्या चिपाही बाहेरच्याच. ब्रिटनमधल्या इनमॉस कंपनीची ‘ट्रान्सप्युटर’ नावाची चिप. तिची खुबी अशी की शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी तिला चार दारे असत. हवामानाच्या चौकटींनाही शेजारच्या चौकटीत काय चालले आहे हे सतत विचारावे लागते, म्हणून ही चिप त्या कामाला सोयीची.

तुम्ही म्हणाल, मग यात अवघड काय? पुष्कळ चिपा आणल्या, तारा जोडल्या. थांबा, पऱ्हाटीत जाऊ.

समजा वेचणीला एक बाई लावली तर शेत वीस दिवसांत होते. वीस बाया लावल्या तर एका दिवसात झाले पाहिजे. होते का? होत नाही. संध्याकाळी काटा एकच असतो. वीस जणी गाठोडी घेऊन रांगेत उभ्या राहतात. कोणाला कोणती तास दिली यावरून सकाळी अर्धा तास जातो. दोघी एकाच तासात शिरतात. मजूर वाढवले की काम वाटायला आणि जमवायला लागणारा वेळही वाढतो. जीन अॅमडाल नावाच्या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९६७मध्ये हेच मांडले. कामाचा दहावा हिस्सा जर वाटताच येत नसेल, तर हजार मजूर लावा की लाख, वेग दहापटीच्या वर जात नाही. परमच्या लोकांची खरी मेहनत चिपा जोडण्यात नव्हती, काटा अडणार नाही अशी वाटणी करणारे सॉफ्टवेअर लिहिण्यात होती.

१९९०मध्ये त्यांनी नमुना झुरिकच्या सुपरकॉम्प्युटर प्रदर्शनात नेला. १९९१मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. २५६ प्रोसेसरांचे यंत्र कागदावर सेकंदाला १०० कोटी गणिते करू शकत होते, प्रत्यक्ष चालवताना १० ते २० कोटी. कागदावरचा आणि प्रत्यक्षातला हा फरक म्हणजेच काट्यापुढची रांग. आपल्याकडे भाषणात फक्त पहिला आकडा सांगतात. मी दोन्ही सांगतो, कारण दुसरा ऐकून मला त्या माणसांबद्दल आदर जास्त वाटतो. तुमच्या खिशातला साधा मोबाइल आज याहून कितीतरी वेगवान आहे, पण १९९१ साली हे यंत्र रशियानेही घेतले. पुढे १९९८मध्ये ‘परम १००००’ आला. ‘परम’ नावाची मालिका आजही चालू आहे.

आणि १९९१मध्ये त्या यंत्राच्या प्रमुखाच्या तालुक्याला जाणारी आमची गाडी कोळशावर चालत होती. अब्बांबरोबर खिडकीत बसलो की डोळ्यात कणी जायची.

आता एक प्रश्न. इथे येताना एका मित्राने मला अडवले. म्हणाला, ‘‘भटकर पुढे विज्ञान भारतीचे राष्ट्रीय अध्यक्ष झाले. ती संघाच्या विचारांची संघटना. आपल्या व्यासपीठावर त्यांचे गुणगान कशाला?’’ प्रश्न बरोबर आहे, टाळण्यासारखा नाही. ते विज्ञान भारतीचे अध्यक्ष होते, नालंदा विद्यापीठाचे कुलपती होते, पद्मश्री आणि पद्मभूषण आहेत. विज्ञान आणि अध्यात्म यांची जी सांगड ते घालतात ती मला पटत नाही. आपल्यातले काही जण कुराणात सगळे विज्ञान शोधतात, तेही मला पटत नाही. पण कामाचा हिशोब करताना काम मोजायचे. ते काम माझ्या दुकानापर्यंत आले होते. कसे, ते सांगतो, कारण आजच्या बोलण्याचे खरे कारण तेच आहे.

सी-डॅकमध्ये सुपरकॉम्प्युटर होत असताना त्याच संस्थेत दुसरे एक काम चालले होते. त्याचे फोटो वर्तमानपत्रात कमी आले. त्याचे मूळ कानपूरच्या आयआयटीत. तिथे प्रा. आर. एम. के. सिन्हा आणि मोहन तांबे यांनी भारतीय लिप्या संगणकावर आणायचे काम केले होते. १९८८मध्ये तांबे सी-डॅकला आले आणि ते काम ‘जिस्ट’ या नावाने पुण्यात वाढले. भटकर त्या काळात संस्थेचे प्रमुख. म्हणजे तीन वर्षांची मुदत डोक्यावर असताना या माणसाने आपल्या छपराखाली अक्षरांच्या कामालाही जागा दिली. मला विचाराल तर त्यांच्या कारकिर्दीतली ही गोष्ट परमच्या तोडीची आहे.

जिस्टचे कार्ड संगणकात बसवले की इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रोग्राममध्ये मराठी टाइप करता येई. मी ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी मराठी टायपिंगची परीक्षा पास होऊन, बोटे दुखवून घेऊन, बेकार बसलो होतो. काळ्या पडद्यावर हिरव्या रंगात ‘यवतमाळ’ उमटले. ‘ळ’ बरोबर आला! मी उभाच राहिलो.

त्यामागचा विचार सोपा आणि सुंदर होता. देवनागरी, तेलुगू, बंगाली, तमिळ या लिप्या दिसायला वेगळ्या, पण क्रम एकाच घराण्यातला. म्हणून ‘क’ला सगळ्या लिप्यांत एकच क्रमांक द्यायचा. यादीत मराठी नावे भरली की तीच यादी तेलुगूत दिसू शकते. पांढरकवड्याचा माणूस आदिलाबादला व्यापार करतो, त्याला याचा अर्थ लगेच कळेल. या क्रमांकांच्या पद्धतीला ‘इस्की’ म्हणतात. १९९१मध्ये ती भारतीय मानक झाली. जगभरच्या लिप्यांचे युनिकोड जेव्हा आले, तेव्हा त्यातला देवनागरीचा तक्ता १९८८च्या इस्कीवरून घेतला. तुम्ही काल रात्री व्हॉट्सॲपवर ‘कुठे आहेस’ लिहिले, तेव्हा त्या माणसांनी लावलेल्या क्रमातलेच अक्षर गेले.

उर्दू मात्र या कुटुंबाबाहेर राहिली. यात कोणी डावलले असे समजू नका, कारण तांत्रिक होते. उर्दू उजवीकडून लिहितात, शब्दात जागा बदलली की अक्षराचे रूप बदलते, आणि नस्तालीकमध्ये तर शब्द तिरका उतरत येतो. तिच्यासाठी वेगळे मानक करावे लागले. पाकिस्तानात अहमद मिर्झा जमील यांनी १९८१मध्ये मोनोटाइप कंपनीबरोबर ‘नूरी नस्तालीक’ केले, त्यात हजारो जोडरूपे एकेक करून काढलेली. पुढे १९९४मध्ये दिल्लीच्या एका कंपनीचे ‘इनपेज’ आले. आमच्या भागात तोपर्यंत लग्नाच्या रुक्क्यासाठी कातिबाकडे जावे लागे. मी दुकान टाकले तेव्हा एक म्हातारे कातिब माझ्याकडे येऊन बसायचे आणि पडद्यावरच्या ‘ये’ची शेपटी नीट नाही म्हणून हळहळायचे. त्यांचे बरोबर होते. त्यांचे काम मात्र गेले.

तर दुकान. डीटीपी आणि झेरॉक्स. एका बाजूने उर्दू, दुसऱ्या बाजूने मराठी अशा पत्रिका मी शेकड्याने केल्या. मग शाळांची कामे येऊ लागली. दहावीच्या परीक्षेचे फॉर्म भरायचे तर मुलांची नावे इंग्रजीत लागत. एका शाळेने जनरल रजिस्टरवरून मराठीत टाइप केलेली यादी माझ्याकडे दिली. माझ्याकडच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी यादी एका बटणात इंग्रजी करायची सोय होती. मी बटण दाबले. ४१ नावे क्षणात इंग्रजी झाली. वरवर नजर टाकली. राठोड बरोबर, पवार बरोबर, मेश्राम बरोबर. छापून दिली, पैसे घेतले, चहा प्यालो.

त्या यादीत माझी धाकटी बहीण होती.

आमच्या अब्बांच्या नावात दोन ‘ज’ आहेत, आणि दोन्हींचा उच्चार इंग्रजी ‘झेड’चा. मराठीत आपण नुक्ता देत नाही. ‘जग पाहा’ मधला ‘जग’ आणि ‘सुखाने जग’ मधला ‘जग’, दोन उच्चार आणि एकच अक्षर. मराठी माणसाला संदर्भाने कळते. यंत्राला संदर्भ नाही. त्याने ‘ज’ दिसला की ‘जे’ लावला, दोन्ही ठिकाणी. ‘अजीज’सारखे नाव घ्या, म्हणजे काय झाले ते कळेल. अर्थच गेला. गंमत पाहा, सरकार स्वतः ‘जिल्हा परिषद’ इंग्रजीत लिहिते तेव्हा ‘झेड’ने लिहिते. जिल्ह्याला ‘झेड’ मिळतो, अब्बांना मिळत नाही.

यंत्र चुकले असे मी म्हणणार नाही. इस्कीच्या तक्त्यात नुक्ता होता. युनिकोडमध्येही आहे. तो देण्याचे काम टाइप करणाऱ्याचे, आणि तपासायचे काम माझे होते. यादीत माझ्या बापाचे नाव होते आणि मी ते वाचले नाही.

बहिणीने नर्सिंग केले. दहावीच्या सर्टिफिकेटवर ‘जे’, आधारवर ‘झेड’. शिवाय दुसरा घोळ. आपल्याकडे वऱ्हाडात नाव कसे असते? शेख अमुक शेख तमुक. आडनाव असे नाही. फॉर्मला मात्र तीन खाने लागतात, आडनाव, नाव, वडिलांचे नाव. कोणी पहिला ‘शेख’ आडनाव म्हणून उचलतो, कोणी दुसरा गाळतो, कोणी अब्बांचे पूर्ण नावच आडनावाच्या खान्यात कोंबतो. तिच्या चार कागदांवर चार नावे झाली. एका ठिकाणी सरकारी भरतीत तिची निवड झाली. कागद तपासणीत सांगितले, ही एकच व्यक्ती आहे हे सिद्ध करा, राजपत्रात नाव छापून आणा. प्रतिज्ञापत्र, जाहिरात, अर्ज, वाट पाहणे. राजपत्र आले तोवर तारीख उलटली होती. जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या मुलीला गेली.

ती यादी मी केली होती हे मी तिला बरीच वर्षे सांगितले नाही. मागच्या रमजानमध्ये सांगितले. ती इफ्तारीची भांडी आवरत होती. म्हणाली, ‘‘भाईजान, मग आता माझ्या पोरांचे फॉर्म फुकट भरून देत जा.’’ एवढेच.

त्या यादीत आणखी सात-आठ आपली मुले होती. त्यांचे काय झाले असेल, हे मी आता शोधतो आहे. तिघे सापडले. एकाचे पासपोर्टला अडले होते.

अल-ख्वारिज्मींचेही नाव असेच बिघडले, हे ध्यानात घ्या. लॅटिनमध्ये लिहिणाऱ्यांनी त्याचे ‘अल्गोरित्मी’ केले, आणि त्यातून ‘अल्गोरिदम’ झाले. त्यांना मात्र कागद तपासणीला जायचे नव्हते.

मग यावर उपाय काय? संगणकशास्त्रातच एक आहे आणि तो फार जुना आहे. अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांनी १९१८मध्ये ‘साउंडेक्स’ नावाच्या पद्धतीचे पेटंट घेतले. संगणक नव्हते तेव्हाची गोष्ट. नाव कानाला कसे लागते त्यावरून त्याला क्रमांक द्यायचा. पहिले अक्षर तसेच ठेवायचे, स्वर गाळायचे, आणि जवळच्या उच्चाराच्या व्यंजनांना एकच आकडा. त्यात ‘जे’ आणि ‘झेड’ दोघांनाही २ हा आकडा आहे. म्हणून ‘अजीज’ हे नाव ‘जे’ने लिहा की ‘झेड’ने, उत्तर एकच येते, ए-२२०. ‘शेख’ इंग्रजीत दोन-तीन प्रकारे लिहितात, सगळ्यांचे एस-२००. ‘मोहम्मद’ आणि ‘मुहम्मद’, दोन्ही एम-५३०. शंभर वर्षांपूर्वीचा नियम माझ्या बहिणीच्या अब्बांना ओळखतो, आणि तपासणीच्या टेबलावरचा माणूस ओळखत नाही!

पण हा नियम आपल्यासाठी बनलेला नाही. ‘मोहम्मद’चे इंग्रजी संक्षिप्त रूप, एम-ओ-एच-डी, त्याचा क्रमांक एम-३०० येतो. म्हणजे वेगळा माणूस. ‘काजी’ ‘के’ने आणि ‘क्यू’ने लिहिले तर पहिलेच अक्षर बदलते, जुळत नाही. ‘जफर’चे तेच. आणि शेख अमुक शेख तमुक या रचनेबद्दल तर त्याला काहीच माहिती नाही. वऱ्हाडातल्या मुसलमानांची नावे कशी बनतात, कुठे तुटतात, कोणत्या अक्षराची अदलाबदल होते, हे बंगळुरूच्या किंवा कॅलिफोर्नियाच्या इंजिनिअरला कुठून कळणार? ते या हॉलमध्ये बसलेल्यांना कळते. तुमच्यापैकी पाच-सहा जण इंजिनिअरिंगला आहेत, दोघी जणी बी.सी.ए. करतात. पायथॉनमध्ये साउंडेक्स लिहायला दुपार पुरते. त्यात आपल्या नावांचे नियम घालायला कदाचित वर्ष लागेल. मतदारयादी, रेशन कार्ड, टीसी, बँक पासबुक यांतली नावे शेजारी ठेवून ‘ही एकच व्यक्ती दिसते, तपासा’ एवढे सांगणारा प्रोग्राम झाला तरी पुष्कळ. निकाल देण्याचे काम त्याने करू नये. ते माणसानेच करावे, वाचून.

भटकरांकडे ३० कोटी होते आणि पाठीशी सरकार होते. आपल्याकडे तीन लॅपटॉप आहेत, त्यातला एक माझा, बॅटरी गेलेला.

जे संगणकवाले नाहीत त्यांच्यासाठी काम त्याहून सोपे आहे. ज्यांचे भाऊ-बहीण नववीत किंवा दहावीत आहेत, त्यांनी शाळेत जाऊन जनरल रजिस्टरमधले नाव डोळ्यांनी बघून यायचे. बोर्डाचा फॉर्म जाण्याआधी स्पेलिंग दुरुस्त करणे सोपे, सर्टिफिकेट आल्यावर अवघड, आणि नोकरीच्या टेबलावर फार अवघड. वडिलांच्या कागदांवर इंग्रजी स्पेलिंग कोणते आहे ते एकदा घरात बसून ठरवा आणि तेच सगळीकडे लिहा. अम्मीचे नावही. आईच्या नावाचा खाना आता सगळीकडे असतो, आणि तिचे कागद बहुधा सगळ्यात कच्चे असतात, कारण लग्नानंतर तिचे नाव कोणी कसे, कोणी कसे लिहिलेले असते.

जेवणानंतर मागच्या खोलीत आम्ही बसणार आहोत. आपापली नावे, वडिलांची नावे, ती कोणकोणत्या कागदावर कशी लिहिली आहेत, एवढेच कागदावर लिहून आणा. आधार नंबर लिहू नका, कोणी मागितला तरी देऊ नका, मला तर मुळीच नको. तुमच्या त्या याद्याच आपल्या प्रोग्रामचा पहिला माल. आणि माझ्या लॅपटॉपला चालेल अशी गोल पिनची चार्जर कोणाकडे असेल तर कृपा करून घेऊन या.